टाउन सेंटर छान आहे, पण बॅगेची चेन कुठे बसवून मिळेल?

मागे कामानिमित्त एका नव्या उपनगरात चार दिवस राहायचा योग आला आणि दुसऱ्याच दिवशी पाठीवरच्या बॅगेची चेन गेली. पूर्ण तुटली नाही, रनर एका बाजूने सुटला आणि दात उघडे पडले, आतला लॅपटॉप येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल इतके. म्हटलं हरकत नाही, हे तर मुद्दाम प्लॅन करून वसवलेलं गाव, मधोमध मोठं टाउन सेंटर, अर्ध्या तासात काम होईल. दोन तास फिरलो. चार कॉफीवाले मोजले, तीन मोबाइलवाले, दोन चष्म्यांची दुकानं, एक बँक, एक जिम, नखं रंगवून देणारं एक पार्लर आणि फक्त मेणबत्त्या विकणारं एक दुकान, हो, फक्त मेणबत्त्या. चेन बसवून देणारा एकही नाही. एका ठिकाणी विचारलं तर काउंटरवरची मुलगी अशी बघायला लागली जसं काही मी घोड्याला नाल कुठे ठोकून मिळेल असं विचारलंय, आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुम्ही नवीन बॅगच घ्या ना."

गावाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असली टाउन सेंटर्स आता इतकी एकमेकांसारखी झाली आहेत की फोटो दाखवला तर देश ओळखता येणार नाही. दगडी फरशी, कारंजं, सगळ्या दुकानांच्या पाट्या एकाच उंचीवर आणि एकाच जाडीच्या अक्षरात. झाडं सगळी एकाच वयाची, प्रत्येकाला तीन काठ्यांचा आधार. बाक चांगल्या लाकडाचे पण प्रत्येक बाकाच्या मधोमध एक लोखंडी दांडा, कोणी आडवं होऊ नये म्हणून. आणि साधारण दर पाचवा-सहावा गाळा बंद, पण बंद आहे हे कळू नये म्हणून काचेवर आतून मोठा रंगीत फोटो चिकटवलेला, त्यात चार माणसं कशाला तरी खदखदून हसतायत. मी जवळ जाऊन बघितलं, खालच्या कोपऱ्यातला फोटो सुटून गुंडाळला गेला होता आणि त्या फटीतून आत उघडं सिमेंट, लोंबणारी वायर आणि एक रंगाचा डबा. म्हणजे हा गाळा रिकामा झालेला नव्हता, तो कधी भरलाच नव्हता.

आता इथे पुष्कळ लोक म्हणतात की अशा जागांना आत्मा नसतो, सगळं नाटकाच्या सेटसारखं वाटतं, जुन्या बाजारपेठेची मजा नाही वगैरे. मला हे म्हणणं आळशीपणाचं वाटतं. जागा वाईट नव्हती हो. सावली होती, गाड्यांचा त्रास नव्हता, लहान मुलं कारंज्यात मनसोक्त भिजत होती, व्हीलचेअरवाल्याला कुठे पायरी आडवी येत नव्हती, जुन्या बाजारात यातलं काय असतं सांगा. आत्म्याबित्म्याचं सोडा, माझा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. एवढी जागा, एवढी माणसं, दर सहावा गाळा रिकामा, आणि तरी दोन फूट रुंदीच्या टेबलावर होणारं काम करणारा माणूस तिथे का बसू शकत नाही? याचं उत्तर आर्किटेक्टच्या कागदावर सापडत नाही, ते भाड्याच्या हिशेबात आहे, आणि आपण टाउन सेंटरवर चर्चा करताना फरशी आणि कारंज्यावर तासन्‌तास बोलतो पण भाडं कुठून येतं, कुठे जातं, कोण ठरवतं यावर कोणी बोलतच नाही.

आधी ही कल्पना आली कुठून ते बघू, कारण ती आली तेव्हा एवढी बिनडोक नव्हती. व्हिक्टर ग्रुएन नावाचा व्हिएन्नाचा आर्किटेक्ट, 1938 मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेला. तिथली उपनगरं बघून त्याचं डोकं फिरलं, घरंच घरं पसरलेली आणि माणसांनी एकत्र यायला जागा कुठेच नाही, दूध आणायचं तरी गाडी काढायची. त्याच्या डोक्यात होतं व्हिएन्ना. मिनेसोटातल्या इडायनाला 1956 मध्ये त्याचं साउथडेल उघडलं, पूर्ण बंदिस्त, आत हीटिंग आणि एसी असलेलं पहिलं मोठं शॉपिंग सेंटर म्हणून ते ओळखलं जातं. पण त्याच्या मूळ प्लॅनमध्ये आजूबाजूला घरं होती, शाळा होती, दवाखाने होते, बाग होती, तळंसुद्धा होतं. प्रत्यक्षात काय उभं राहिलं तर मधोमध दुकानांचा ठोकळा आणि भोवती पार्किंगचा समुद्र. कारण दुकानांतून पैसे येतात, तळ्यातून येत नाहीत. सेंटर झाल्यावर आसपासच्या जमिनीचे भाव चढले, आणि चढल्या भावात जे परवडेल तेच बांधलं गेलं. पुढे 1978 मध्ये लंडनला केलेल्या भाषणात त्याने हात झटकून टाकले, म्हणाला की या अनौरस पोरांची पोटगी मी भरणार नाही. तोवर ती पोरं जगभर झाली होती.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये वेगळं चाललं होतं. स्टॉकहोमच्या बाहेर व्हेलिंगब्यू म्हणून उपनगर, त्याचं सेंटर 1954 च्या नोव्हेंबरात सुरू झालं. त्यांच्याकडे याला एबीसी गाव म्हणायचे, म्हणजे स्वीडिशमध्ये काम, घर आणि केंद्र यांची पहिली अक्षरं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेट्रो त्या बाजूला 1952 लाच पोचली होती, सेंटर नंतर आलं, आणि ते स्टेशनला लागूनच बांधलं. उंच इमारती स्टेशनजवळ, बुटकी घरं लांब. म्हणजे दुकानदाराला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही, कामावरून घरी जाणारा माणूस रोज त्याच्या दारावरूनच जातो. आणि जमीन? जमीन शहराची. स्टॉकहोमने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच शहराबाहेरची जमीन घेऊन ठेवायला सुरुवात केली होती, त्यामुळे भाव चढला तर चढू दे, तो शहराच्याच खिशात. ग्रुएनचं तळं ज्या कारणाने बुडालं ते कारणच इथे नव्हतं.

याच्या बाजूला अमेरिकेतलं रेस्टन ठेवून बघा. वॉशिंग्टनजवळचं हे गाव रॉबर्ट ई. सायमन या माणसाने 1964 मध्ये वसवायला घेतलं, नावातली पहिली अक्षरं त्याचीच. त्याचं टाउन सेंटर उघडलं 1990 मध्ये, दिसायला खरंच देखणं, रस्ते, चौक, कारंजं, वर ऑफिसं खाली दुकानं, त्याची नक्कल अनेकांनी केली. आणि मेट्रोचं स्टेशन कधी आलं, तर 2022 च्या नोव्हेंबरात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मधली 32 वर्षं बहुतेक सगळे गाडीनेच येणार हे उघड होतं, आणि मग 2017 च्या जानेवारीत मालक कंपनीने पार्किंगला पैसे लावले, तेसुद्धा ॲपवरून वगैरे. लोक भडकले, दुकानदार म्हणायला लागले आमचा धंदा बसतोय, मोर्चासुद्धा निघाला, पुढे काही सवलती द्याव्या लागल्या. मी पार्किंगला पैसे लावण्याच्या विरोधात नाही बरं का, उलट फुकट पार्किंगनेच अर्धी गावं खाल्ली आहेत असं माझं मत. पण मुद्दा असा की जो निर्णय एरवी नगरपालिकेत झाला असता, त्यावर मतदान झालं असतं, शिव्या खायला नगरसेवक तरी समोर असता, तो इथे एका कंपनीने घेतला आणि रहिवाशांच्या हातात सह्यांची मोहीम सोडून काही नव्हतं. कारण तो गावाचा चौक दिसत असला तरी गावाचा नव्हताच.

चौक कोणाचा हा प्रश्न कोर्टातही जाऊन आलाय. अमेरिकेत अलाबामामध्ये चिकासॉ नावाचं गाव होतं, पूर्ण गावच एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं, रस्ते, फूटपाथ, सगळं. तिथे एक बाई पोस्टाजवळच्या फूटपाथवर धार्मिक पत्रकं वाटत होत्या, कंपनीने मनाई केली, त्या हटल्या नाहीत, अटक झाली. 1946 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, की जागा खाजगी असली तरी ती गावासारखी वापरली जातेय तर बोलण्याचं स्वातंत्र्य तिथेही राहील. वाटलं असेल लोकांना की झालं, प्रश्न मिटला. पण 1972 मध्ये युद्धविरोधी पत्रकं वाटणाऱ्यांचं प्रकरण आलं, मॉलमधलं, तेव्हा कोर्टाने वेगळी बाजू घेतली, आणि 1976 च्या निकालाने तर स्पष्टच झालं की मॉल म्हणजे गाव नव्हे, मालक बाहेर जा म्हणाला की जायचं. 1980 मध्ये एवढंच झालं की एखाद्या राज्याला आपल्या घटनेनुसार जास्त हक्क द्यायचे असतील तर त्याने द्यावेत, जसे कॅलिफोर्नियाने दिले. म्हणजे ज्या जागेला बोर्डावर, जाहिरातीत, बसच्या पाटीवर आपण गावाचं केंद्र म्हणतो तिथे तुम्ही गावाबद्दल काही म्हणायला उभे राहिलात तर सिक्युरिटीवाला येऊन खांद्यावर हात ठेवू शकतो. मला स्वतःला त्या उपनगरात फक्त फोटो काढण्यावरून टोकलं गेलं, बंद गाळ्याचा फोटो काढत होतो तेव्हा. कारंज्याचे वीस काढले होते, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

आता भाड्याकडे येतो, कारण चेनवाल्याचं उत्तर तिथे आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की गाळा रिकामा आहे म्हणजे मालकाचं नुकसान, मग तो भाडं कमी करून कोणाला तरी देईलच ना, साधा बाजाराचा नियम. पण मालकाची खरी कमाई नुसत्या भाड्यात नाही, इमारतीच्या व्हॅल्युएशनमध्ये आहे, आणि व्हॅल्युएशन निघतं भाड्यावरून. समजा एका गाळ्याचं वर्षाचं भाडं 100 धरलंय आणि गुंतवणूकदार 5 टक्के परताव्यावर खूश आहे, तर त्या गाळ्याची किंमत झाली 2000. आता तुम्ही चेनवाल्यावर दया येऊन भाडं 60 केलंत तर किंमत कागदावर 1200, म्हणजे 40 सोडले आणि 800 गेले. वर बँकेचं लोन त्या 2000 वर घेतलेलं. शेजारचा कॉफीवाला पुढच्या वर्षी करार रिन्यू करायला येईल तेव्हा म्हणेल त्याला 60 ला दिलंत, मला का नाही. मग मालक काय करतो, गाळा रिकामा ठेवतो, काचेवर हसणाऱ्या माणसांचा फोटो लावतो आणि कागदावर अपेक्षित भाडं 100 असंच लिहून ठेवतो. हा मूर्खपणा नाही, त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. म्हणूनच मला मालकांना शिव्या देण्यात रस नाही, हिशेबच असा मांडून दिलाय की चेनवाला त्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे भाडेकरू निवडताना बँक बघते की भाडं भरायची खात्री कोणाची. शंभर ठिकाणी दुकानं असलेल्या ब्रँडची सही आणि एका एकट्या शिंप्याची सही यात बँकेला कोणती आवडेल हे सांगायला नको. मोठ्या दुकानांना तर मॉलवाले पायघड्या घालतात, त्यांचं दर फुटाचं भाडं लहान गाळ्यांपेक्षा कितीतरी कमी असतं, कारण त्यांच्या नावावर गर्दी येते. म्हणजे मोठ्याला स्वस्त आणि लहानाला महाग. आणि जो कमावतो कमी पण लागतो सगळ्यांना, किल्ल्या बनवणारा, घड्याळाचा सेल बदलणारा, झेरॉक्सवाला, तो यादीत कुठेच नाही. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स 1961 मध्येच सांगून गेल्या की रस्त्यावर थोड्या जुन्या इमारती लागतातच, ज्यांचा बांधकामाचा खर्च कधीच वसूल झालाय, कारण नवीन धंद्याला नवीन इमारतीचं भाडं झेपत नाही. सगळं गाव एकाच वर्षी बांधलं तर जुनी इमारत आणणार कुठून? ही प्लॅन केलेल्या सेंटरची जन्मजात अडचण आहे, झाडं जशी एका वयाची तशी कर्जंही एका वयाची.

माझी चेन शेवटी बसली, तिसऱ्या दिवशी. हॉटेलच्या सफाईवाल्याने सांगितलं, पेट्रोल पंपाच्या मागे जा. सेंटरपासून वीस मिनिटं चालत, प्लॅनच्या हद्दीबाहेर, उपनगर व्हायच्या आधीपासूनची सात-आठ पत्र्याच्या छपराची दुकानं, एकात सायकली, एकात जुने टीव्ही, आणि एकात हा म्हातारा, गुडघ्यावर बॅग घेऊन बसलेला. त्याने चेन बदललीच नाही. पक्कड घेतली, रनरच्या दोन्ही बाजू किंचित दाबल्या, खालच्या टोकाचे दोन टाके उसवले, रनर परत चढवला, टाके मारले, मेणबत्तीचा तुकडा दातांवरून दोनदा फिरवला (मेणबत्तीचं दुकान आठवलं मला तेव्हा) आणि झालं. सात मिनिटं. समोर गिऱ्हाइकांची रांग होती आणि रांगेतले सगळे त्या नव्या इमारतींमध्ये राहणारे होते, कपड्यांवरून आणि गळ्यातल्या आयकार्डवरून कळत होतं. त्यामुळे आता रिपेअर कोण करतं, सगळं ऑनलाइन मागवतात, जमाना बदलला, हे जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. ऑनलाइनने कपड्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं खाल्ली हे खरं, पण टाउन सेंटर नेमकं त्याच दुकानांवर उभं केलेलं, आणि जी कामं ऑनलाइन होऊच शकत नाहीत त्यांना पेट्रोल पंपाच्या मागे पाठवलेलं. आधी स्वतःच कुऱ्हाडीवर पाय मारायचा आणि मग कुऱ्हाडीला धार किती म्हणायचं.

बरं, प्लॅन करणाऱ्यांना लहान गाळे सुचतच नाहीत असंही नाही. चंडीगढ बघा. तिथल्या सेक्टरमधून जो बाजाराचा रस्ता जातो त्यावर दुकानं रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवली, सावली पडते त्या बाजूला, उन्हात कोणी फिरू नये आणि रस्ताही ओलांडायला लागू नये म्हणून. एवढा बारीक विचार. शिवाय खाली दुकान वर घर अशा जागा आणि अगदी छोट्या धंद्यांसाठी बुटके बूथ, हेही नकाशातच आखलेले होते. नंतर मधल्या सेक्टर 17 च्या मोठ्या चौकातली गर्दी 2013 ला एलांते मॉल आल्यावर तिकडे सरकली, त्यावर चंडीगढवाले अजून हळहळतात, पण सेक्टरमधले बूथ चालू आहेत, कारण रोजचं काम रोज लागतं आणि गाळा लहान आहे. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल यांचा एक साधा मापदंड आहे, जिवंत रस्त्यावर 100 मीटरमध्ये 15 ते 20 दारं असावीत. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे 100 मीटरला 72 सेकंद, म्हणजे वीस दारं असली तर दर साडेतीन-चार सेकंदांनी एक नवीन दार. मी त्या उपनगरात पावलं मोजून बघितलं, माझ्या अंदाजाने 100 मीटरमध्ये सहा दारं होती आणि त्यातली दोन इमर्जन्सी एक्झिट.

मग सगळं लहान मालकांना विकून टाकावं का? हे मलाही आधी सोपं वाटायचं. पण त्याच रेस्टनमध्ये, टाउन सेंटरच्या कितीतरी आधी, सायमनने लेक ॲन नावाचं पहिलं छोटं केंद्र बांधलं होतं, तळ्याकाठी, खाली दुकानं वर घरं, इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावासारखं, आजही माणसं बघायला जातात. तिथे मालकी पुढे अनेकांत वाटली गेली आणि आता काही मोठं करायचं म्हटलं की बहुतेकांची संमती लागते, ती कुठे मिळतेय. बारा जणांची बारा मतं. एकच मालक असला की निदान छत गळलं तर कोणाला फोन करायचा हे माहीत असतं, आणि तळमजल्यावर सगळे कॉफीवाले होऊ नयेत हे तो ठरवू शकतो, ठरवत नाही हा भाग वेगळा. त्यामुळे एक मालक की अनेक हा वाद मला आता फारसा कामाचा वाटत नाही.

कामाची गोष्ट आहे लेचवर्थची. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला, 1903 मध्ये सुरू झालेलं पहिलं गार्डन सिटी, एबेनेझर हॉवर्डच्या कल्पनेतून. हा हॉवर्ड म्हणजे नगररचनाकार वगैरे नव्हता, लघुलेखन करणारा साधा माणूस. त्याने 1898 मध्ये जी कल्पना मांडली तिच्यात मधल्या बागेभोवती काचेची एक मोठी गोल गॅलरी होती, आत दुकानं, पावसात फिरायला जागा, म्हणजे मॉलच झाला की, साउथडेलच्या जवळपास साठ वर्षं आधी. पण लोक गार्डन सिटी म्हटलं की बागाच धरून बसतात, त्याचा खरा डाव पैशाचा होता. जमीन एका संस्थेकडे राहणार, सगळे तिला भाडं देणार, गाव वाढलं की जमिनीचा भाव वाढणार आणि ती वाढ गावातच खर्च होणार. लेचवर्थमध्ये हे अगदी कागदावरच्यासारखं झालं नाही, 1960 च्या सुमारास तर एका कंपनीने शेअर गोळा करून ताबाच घेतला होता. तेव्हा रहिवासी उठले, 1962 मध्ये त्यासाठी पार्लमेंटने खास कायदा केला, इस्टेट सार्वजनिक कॉर्पोरेशनकडे गेली आणि 1995 पासून ती एका फाउंडेशनकडे आहे, जिची कमाई गावावरच खर्च होते. गावातली बरीच दुकानं आजही तिच्याच मालकीची. तिथे सगळं गोड गोड आहे असं मी म्हणत नाही, भाड्यावरून कुरबुरी कुठे होत नाहीत. पण कुरबूर करायला पत्ता तरी गावातलाच आहे.

आणि याच्या उलटं इंग्लंडनेच केलं. युद्धानंतर सरकारने नवी गावं वसवली, पहिलं स्टीव्हनेज, 1946. तिथलं सेंटर गाड्यांना पूर्ण बंद, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या लाइनबान या फक्त पायी फिरायच्या बाजारपेठेचा नमुना डोळ्यासमोर, तो 1953 चा. व्यापाऱ्यांना धास्ती होती की गाडी दारात येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक येईल का, रहिवाशांनी लावून धरलं, आणि 1959 मध्ये राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं. पुढे मिल्टन कीन्समध्ये 1979 ला लांबच्या लांब काचेचं शॉपिंग सेंटर उघडलं, छत घातलेला रस्ताच समजा, 2010 मध्ये त्याला वारसा इमारतीचा दर्जाही मिळाला. ही गावं बांधणारी महामंडळं हळूहळू गुंडाळली, स्टीव्हनेजचं 1980 मध्ये, मिल्टन कीन्सचं 1992 मध्ये, आणि मधल्या काळात या गावांची दुकानांची इस्टेट मोठ्या प्रमाणावर खाजगी गुंतवणूकदारांना विकली गेली. म्हणजे बघा, जमीन लोकांच्या पैशाने घेतली, गर्दी लोकांनी केली, तीस वर्षं थांबून झाडं मोठी झाली, कर्जं जुनी झाली, आणि जेव्हा शेवटी स्वस्तात गाळे द्यायची ऐपत आली तेव्हाच दुभती म्हैस विकून टाकली. नवीन मालकाने पुन्हा नव्या किमतीवर नवं लोन काढलं आणि भाड्याचा हिशेब परत पहिल्या दिवसासारखा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की टाउन सेंटर मंजूर करताना कारंज्याचा रंग ठरवायच्या आधी कागदावर तीन-चार गोष्टी याव्यात. चौक आणि रस्ते बांधून झाले की सार्वजनिक संस्थेच्या नावावर होतील, नुसते वापरायला खुले नव्हे. गाळ्यांपैकी काही हिस्सा, दहातला एक धरा, इतका लहान असेल की एक माणूस आणि एक टेबल मावेल, आणि त्याचं भाडं बाजाराशी जोडलेलं नसेल. जिन्याखालची, कोपऱ्यातली, खांबांमधली जागा यासाठी उत्तम, एरवी तिथे कुंड्याच ठेवतात. रिकामा गाळा ठरावीक मुदतीपलीकडे राहिला तर त्यावर कर लागेल, म्हणजे हसणाऱ्या माणसांचा फोटो जरा महाग पडेल. आणि जमीन सरकारी असेल तर ती भाडेपट्ट्याने द्या, विकू नका, एवढं तरी. बिल्डरला हे परवडणार नाही असं लगेच ऐकायला येतं. पण पार्किंगचे किती मजले बांधायचे, लिफ्ट किती, आग लागली तर दारं किती, या सगळ्या अटी त्याला परवडतातच की, कारण त्या सुरुवातीलाच माहीत असतात आणि तो जमिनीचा भाव तेवढा कमी देतो. अट आधी सांगितली तर तिचा भार जमिनीच्या किमतीवर पडतो, नंतर सांगितली तर बोंबाबोंब होते.

त्याच मुक्कामात, शेवटच्या दिवशी, उपनगराच्या पुढच्या टप्प्याचं सादरीकरण होतं, सगळ्यांसाठी खुलं, म्हणून मीही जाऊन मागे बसलो, दुरुस्त बॅग मांडीवर. पडद्यावर चित्रं सुंदर होती, चित्रातली माणसं त्या काचेवरच्या फोटोतल्यासारखीच हसत होती, प्रश्न विचारायला वेळ दिला तेव्हा लोकांनी झाडं कोणती लावणार, पाट्यांचे दिवे रात्री किती वाजता बंद होणार असं विचारलं. मी विचारलं, यातला सगळ्यात लहान गाळा किती फुटांचा आहे? व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली, एकाने लॅपटॉपवर खाली-वर करून बघितलं, आणि म्हणाले की तो तपशील भाडेकरू ठरल्यावर ठरेल.